बर्फावरची जुनी गाडी आणि शहाणी माणसं

आमच्या लेस्टरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोन करून मला सांगितलं, की लेख प्रेरणादायी हवा. पिंपरीचा एक साधा फिटर साता समुद्रापार येऊन कसा यशस्वी झाला, वगैरे. मी म्हटलं, बाई, मी यशस्वी वगैरे काही झालेलो नाही. एकवीस वर्षं मी जुन्या गाड्यांचे शॉकअप उघडून त्यातलं काळं तेल बादलीत ओतलं. त्यावर त्या म्हणाल्या, "अहो, तेच जरा पॉझिटिव्हली लिहा ना." तेव्हा ज्यांना पॉझिटिव्ह वाचायची हौस आहे त्यांनी सरळ पान उलटावं. पुढे पाककृती असतीलच.

शॉकअप म्हणजे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर, हे पुण्याच्या बाजूच्या माणसाला सांगावं लागत नाही. पिंपरीला मी दुचाकींचे शॉकअप बनवणाऱ्या एका कारखान्यात होतो. बायकोला, म्हणजे नीलाला, लेस्टरच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली आणि तिच्या व्हिसाच्या शेपटीला धरून मी इथे आलो. बॅरी नावाच्या एका इंग्रजाच्या मोटरसायकल वर्कशॉपमध्ये मला काम मिळालं. एका ऑक्टोबरात स्कॉटलंडच्या एका डोंगरी इस्टेटीचा रखवालदार ट्रेलरवर एक स्नोमोबाइल घालून घेऊन आला. बॅरीने ती एकदा पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ही तुझी." त्याला काय करावं ते कळत नव्हतं आणि नाही म्हणायचं नव्हतं. मलाही कळत नव्हतं, पण मला नाही म्हणायची सोय नव्हती. त्या गाडीपासून माझं नाव झालं आणि दर हिवाळ्याच्या तोंडावर अशा दहा-बारा गाड्या येऊ लागल्या.

मंडळात हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला. "पण इथे बर्फ कुठे पडतो?" लेस्टरमध्ये बर्फ पडतो तो शाळा बंद ठेवण्यापुरता, हे मलाही माहीत आहे. या गाड्या लागतात स्कॉटलंडच्या डोंगरांवर. स्की केंद्रांवर गस्त घालायला, मेंढ्यांना चारा पोचवायला, जखमींना खाली आणायला. बाकीच्या लागतात हौशी लोकांना. हे लोक गाडी ठेवतात इंग्लंडात आणि ती चालवायला जातात स्वीडनला, कारण इथे ती रस्त्यावर आणता येत नाही. वर्षाचे अकरा महिने ती गॅरेजात लॉनमोअरच्या शेजारी उभी असते आणि मालक तिच्याबद्दल पबमध्ये बोलत असतो.

आता ही गाडी काय असते ते एकदा सांगतो, पुन्हा सांगणार नाही. पुढे दोन स्की. हँडल फिरवलं की त्या वळतात. मागे चाक नाही, रबराचा रुंद पट्टा आहे, तो फिरतो आणि गाडी पुढे ढकलतो. पुढच्या दोन स्कींना दोन शॉकअप आणि पट्ट्याच्या पोटात आणखी दोन. सगळी गंमत वजनाची आहे. चालवणाऱ्याचं वजन पुढच्या स्कींवर किती पडतं आणि मागच्या पट्ट्यावर किती, यावर गाडी वळणार की नाही ते ठरतं. मागचा भाग फार दबला तर पुढच्या स्की हलक्या होतात आणि बर्फावरून नुसत्या घसरतात. तुम्ही हँडल फिरवा नाहीतर देवाचं नाव घ्या, गाडी सरळच जाते. मागचा भाग फार कडक केला तर गाडी वळते छान, पण प्रत्येक उंचवट्याला मणका खाली बसल्यासारखा वाटतो.

म्हणून जुनी गाडी सुधारायची तर क्रम ठरलेला आहे. आधी झिजलेलं बदला. सांध्यांतले बुश म्हणजे पुंगळ्या, पुढचे बॉल जॉइंट, स्कीच्या तळाला बर्फात रुतणारी पोलादी धार असते ती. मग दोन्ही स्की एकमेकींशी सरळ आहेत का ते पाहा. सगळीकडे ग्रीस भरा. शॉकअपमधलं तेल बदला. आणि शेवटी, अगदी शेवटी, चालवणाऱ्याला पूर्ण कपडे-बूट-सामानासह गाडीवर बसवा, गाडी किती दबते ते टेपने मोजा आणि त्याप्रमाणे स्प्रिंगा आवळा किंवा सैल करा. हे शेवटचं काम वीस मिनिटांचं असतं आणि त्याच्याशिवाय आधीचे दोन दिवस फुकट असतात. यात अक्कल लागते ती एवढीच. पण एवढीसुद्धा लोकांकडे नसते हे मी एकवीस वर्षं पाहिलं.

यॉर्कशरचे एक गृहस्थ होते. त्यांची गाडी दहा वर्षं जुनी, आणि तिला त्यांनी चार नवेकोरे सोनेरी शॉकअप लावून आणले होते. शर्यतीत वापरतात तसले. तक्रार अशी, की एवढं सगळं करूनही हँडल दगडासारखं जड आहे आणि गाडी जुन्या चाकोऱ्यांमागे वेड्यासारखी धावते. मी गाडी पालथी केली. स्कीखालची धार झिजून बोटासारखी गोल झालेली, आणि बुशांमध्ये ग्रीस तर नव्हतंच, गंज होता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मी धार बदलली, ग्रीस भरलं, स्की सरळ केल्या. गाडी लोण्यासारखी वळायला लागली. गृहस्थांनी पुढच्या वर्षी मला ख्रिसमसचं कार्ड पाठवलं, आणि त्यात लिहिलं की सोनेरी शॉकअप अखेर मुरले बरं का. मी ते कार्ड वर्कशॉपच्या टॉयलेटमध्ये लावून ठेवलं.

दुसरा वर्ग म्हणजे व्हिडिओ पाहून आलेले. यांना सगळं माहीत असतं. कुठला तरी कॅनडातला दाढीवाला सांगतो की पट्ट्याच्या पोटातली अमुक पट्टी दोन भोकं आवळा, की हे आवळतात. तो दाढीवाला दीडशे किलोचा असतो आणि मऊ बर्फात चालवतो. हा सत्तर किलोचा आणि कडक बर्फावर चालवणार. गाडी उधळली की मग माझ्याकडे. नाचता येईना अंगण वाकडं, हे इंग्रजीत कसं म्हणतात ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही, पण एकवीस वर्षं मी ते चेहऱ्याने म्हणत आलो आहे.

आणि आपले लोक मागे राहतील काय? स्टॅनमोरहून केदार नावाचा एक मुलगा आला. मुलगा म्हणजे चाळिशीचा, एका बँकेत सॉफ्टवेअरमध्ये. मूळचा कोथरूडचा. त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी मिळून वॉटफर्डच्या एका गॅरेजातून ही जुनी गाडी घेतली होती. फेब्रुवारीत आठवडाभर चौघं स्वीडनला जाणार आणि आळीपाळीने चालवणार.

"काका, आम्हाला बेसिकली हँडलिंग आणि सस्पेन्शन अपग्रेड करायचंय," तो म्हणाला. "म्हणजे राइड क्वालिटी इम्प्रूव्ह झाली पाहिजे."

मी विचारलं, "चालवणार कोण? वजन किती?"

त्याला हा प्रश्न अपेक्षित होता. त्याने फोन पुढे केला. त्यात एक्सेलची शीट. चौघांची नावं, उंची, वजन. अठ्ठावन्न, एकाहत्तर, त्र्याऐंशी आणि एकशे चार. खाली ठळक अक्षरांत एकोणऐंशी.

"हे काय?"

"अ‍ॅव्हरेज. तुम्ही सेव्हंटी-नाइनला ऑप्टिमाइझ करा ना काका. म्हणजे सगळ्यांनाच फेअर."

मी त्याला विचारलं, "अरे, तुम्ही चौघं एकाच मापाचे बूट घालता का? सरासरी काढून?"

तो हसला, पण मला कळेना की तो कशाला हसला. मी त्याला समजावलं, की एकोणऐंशी किलोचा जो माणूस आहे तो तुमच्यात नाहीच. त्याच्यासाठी गाडी बसवली तर ती चौघांपैकी एकालाही बसणार नाही. प्रत्येकाने बसण्याआधी मागची स्प्रिंग किती वेढे फिरवायची ते कागदावर लिहून देतो, दोन मिनिटांचं काम आहे, हुक असलेला एक पाना लागतो, तो मी देतो. त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे दरवेळी मॅन्युअली करायचं? काका, आम्ही हॉलिडेला चाललोय."

तर हे असं. आयुष्यभर यंत्रांना हुकूम देणाऱ्या लोकांना हातात पाना धरायचा कंटाळा. मी पाना दिला, कागदही दिला. परत आल्यावर केदारने फोटो दाखवले. एकशे चारवाल्याचा एक फोटो होता, गाडी पुढे, तो मागे बर्फात कमरेपर्यंत. पाना कुठे होता म्हणून विचारलं तर म्हणाला, स्टॅनमोरला ड्रॉवरमध्ये सेफ आहे.

असे किस्से मी मंडळात सांगत असे आणि लोक हसत असत. मला ते आवडायचं. माझ्या धंद्यात शहाणा मी एकटा आणि बाकी सगळे उंटावरचे, असा माझा पक्का समज होता. आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती सांगतो. संपादकबाईंना ती पॉझिटिव्ह वाटणार नाही.

मोरॅग स्कॉटलंडमधल्या एका लहानशा स्की केंद्रावर गस्तीला होती. वय पंचेचाळीसच्या आसपास, उंच, कमी बोलणारी. स्की करताना घसरून कोणाचा पाय मोडला, खांदा निखळला की स्नोमोबाइलच्या मागे स्ट्रेचरची घसरगाडी जोडायची आणि त्या माणसाला खाली आणायचं, हे तिचं काम. सतरा वर्षं ती हे करत होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरने तिला सांगितलं होतं की हादरे बंद करा, नाहीतर डोंगर बंद करा. केंद्राने फिनलंडमधून जुनी गाडी आणली होती, तिचे मागचे शॉकअप मेलेले होते. प्रत्येक खड्ड्याचा हादरा थेट तिच्या पाठीत बसायचा. केंद्राकडे नवी गाडी घ्यायची ऐपत नव्हती. त्यांनी तिला तिकीट खिडकीवरची जागा देऊ केली होती.

"मला खिडकीत बसायचं नाही," ती पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली. "ही गाडी तू मऊ करून दे. एवढंच."

मी तिला सांगितलं की नुसती मऊ करून चालणार नाही. मऊ केली की मागचा भाग दबेल, घसरगाडी जोडली की आणखी दबेल, मग पुढच्या स्की उचलल्या जातील आणि गाडी वळायची नाही. तुझ्या पाठीला हवी तेवढी मऊ आणि वळायला लागेल तेवढी कडक, यांच्या मधला एकच बिंदू आहे, आणि तो तू सामानासह गाडीवर बसल्याशिवाय सापडणार नाही. तिने सगळं नीट ऐकलं. माझ्या गिऱ्हाइकांत असं ऐकून घेणारं माणूस क्वचितच. मी तिला बजावलं, की गाडी न्यायला येशील तेव्हा तुझं सगळं घेऊन ये. रकसॅक, दोर, रेडिओ, हेल्मेट, बूट, आणि घसरगाडीसुद्धा. एक हातमोजासुद्धा मागे ठेवू नकोस. जाता जाता तिचं वजन विचारून घेतलं. साडेनऊ स्टोन, म्हणजे साठ किलो. कामाला सुरुवात करायला तेवढं पुरेसं होतं.

दहा दिवस मी त्या गाडीवर जीव ओतून काम केलं. शॉकअप पूर्ण उघडून नव्याने बांधले, सगळे बुश बदलले, मागे मऊ स्प्रिंगा घातल्या आणि साठ किलोच्या हिशेबाने बसवल्या. उरलं ते शेवटचं वीस मिनिटांचं काम, तिला बसवून मोजायचं. तिला गुरुवारी बोलावलं.

बुधवारी संध्याकाळी नीला कॅलेंडर बघून म्हणाली, "उद्या खंडेनवमी आहे."

मी म्हटलं, "परवा आहे. पुण्याला भावाशी बोललो, तो शुक्रवारी म्हणाला."

"त्याची शुक्रवारी. इथे तिथी उद्या लागते. दरवर्षी हाच घोळ घालता तुम्ही."

इथे मला थोडं मागे जावं लागेल. मी देवभोळा नाही. उपास करत नाही, गणपतीत आरतीला मागे उभा राहून ओठ हलवतो. पण खंडेनवमी मी पाळतो. पिंपरीला मला काम शिकवलं ते शेलार मिस्त्रींनी. त्या दिवशी ते सगळी हत्यारं रॉकेलने पुसून फळीवर मांडायचे, हळद-कुंकू, झेंडूची फुलं वाहायचे आणि दुसऱ्या दिवशी दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावू द्यायचे नाहीत. ज्याच्यावर पोट चालतं त्याला वर्षातून एक दिवस विसावा, असं ते म्हणायचे. मला हे पटतं. देवापेक्षा पाना मला नेहमीच जास्त उपयोगी पडला आहे.

बॅरीच्या वर्कशॉपमध्ये माझी एक फळी होती. दरवर्षी मी तिथे हत्यारं मांडायचो, वर एक स्वच्छ फडकं टाकायचो आणि सुट्टी घ्यायचो. बॅरीला सांगायचो, घरी काहीतरी आहे. गिऱ्हाइकांना सांगायचो, आज स्टॉक मोजायचा आहे. एकवीस वर्षांत एकाही गोऱ्या माणसाला मी हे सांगितलं नाही की आज माझे पाने पूजेला बसले आहेत. का नाही सांगितलं? कारण ते हसतील याची मला भीती वाटायची. जगाला हसणाऱ्या माणसाला हसू मात्र कोणाचंच सोसत नव्हतं, हे स्वच्छ लिहून टाकतो.

गुरुवारी सकाळी मी लवकर जाऊन पूजा केली. हूकचा पाना, टॉर्क पाना, टेप, सगळं फळीवर, कुंकू लावून. बॅरी त्या आठवड्यात मुलीकडे गेला होता आणि त्याच्या हत्यारांच्या कपाटाची किल्ली त्याच्याच खिशात. अकरा वाजता मोरॅगची व्हॅन आली. मी सांगितलं होतं ते सगळं तिने आणलं होतं. व्हॅनमधून तिने रकसॅक काढली, दोर काढला, घसरगाडी ओढून बाहेर काढली, आणि पार्किंगमध्ये उभं राहून जाड जॅकेट चढवायला लागली. बाहेर ऊन होतं. ती घामाघूम झाली.

"बसू का?" तिने विचारलं.

मी फळीकडे पाहिलं. फडक्याखालून झेंडूच्या दोन पाकळ्या बाहेर आल्या होत्या. तिला काय सांगावं याचा मी क्षणभर विचार केला. उद्या ये म्हणावं तर ती सात-आठ तासांवरून आलेली. का म्हणून विचारलं तर उत्तर द्यावं लागणार, आणि मग ती फळीकडे बघणार. मग मी सीटच्या मागच्या बाजूला हाताने दोनदा जोर देऊन दाबलं, गाडी वरखाली झाली, आणि मी मोठ्या अनुभवी माणसाच्या आवाजात म्हणालो, "काही गरज नाही. मी हाताने बघितली आहे. बरोबर बसली आहे."

"पण तू म्हणाला होतास की मोजल्याशिवाय..."

"सवयीच्या माणसाला कळतं."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. जॅकेट काढलं, सगळं सामान पुन्हा व्हॅनमध्ये भरलं, गाडी ट्रेलरवर चढवली. जाताना हात हातात घेऊन म्हणाली, की आता मी अजून दहा वर्षं खिडकीत बसत नाही. मी तिला निरोप दिला, फडकं नीट केलं आणि घरी येऊन श्रीखंड खाल्लं.

डिसेंबरात तिचा मेसेज आला. पाठ छान आहे, गाडी गादीसारखी आहे. घसरगाडी अजून जोडायची वेळ आली नव्हती, बर्फ कमी होता. मी तो मेसेज नीलाला वाचून दाखवला. मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पुरुषांच्या कोपऱ्यात बसून, पाहुणा म्हणून आलेल्या केदारलाही ऐकवला. म्हटलं, बघ, हाताने दाबून बसवली आहे गाडी, तुझं एक्सेल ठेव घरी.

त्यानंतर आठवडाभरात मोरॅगच्या केंद्रावरून मॅनेजरचा फोन आला. एका माणसाचा गुडघा मोडला होता. मोरॅग पूर्ण सामान पाठीवर घेऊन, त्याला घसरगाडीवर बांधून खाली येत होती. एका वळणावर उजवीकडे कडक बर्फाचा उतार आणि खाली दगड. तिने हँडल डावीकडे फिरवलं आणि गाडी सरळच निघाली. मागचा भाग सामान आणि घसरगाडीच्या वजनाने बसला होता आणि पुढच्या स्की नुसत्या बर्फ खरवडत होत्या. आणखी थोडं गेली असती तर दोघंही खाली गेले असते. तिने सगळं अंग डोंगराच्या बाजूला फेकलं आणि गाडी स्वतःवर पाडून थांबवली. घसरगाडीवरच्या माणसाला ओरखडासुद्धा आला नाही. तिच्या पाठीचा ऑपरेशन केलेला भाग पुन्हा गेला.

मॅनेजर मला दोष देत नव्हता. तो फक्त विचारत होता, की गाडी अशी का वागली, आणि नव्या माणसासाठी ती पुन्हा बसवून देशील का.

मी नीलाला सगळं सांगितलं. फळीचंही. ती म्हणाली, "आम्ही वजन घेतल्याशिवाय पेशंटला भूल देत नाही. आणि तुम्ही?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बरं, रिवाजावर ढकलावं तर तीही सोय नव्हती. पिंपरीला एकदा खंडेनवमीच्याच दिवशी पाण्याच्या मोटारीने मान टाकली आणि कामगारांच्या वस्तीचं पाणी बंद पडलं. शेलार मिस्त्रींनी पूजेतला पाना उचलला, कपाळाला लावला आणि कामाला लागले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "अडलेल्या माणसापुढे हत्याराचा कसला विसावा?" मला हे तेव्हापासून माहीत होतं. पाना उचलायला मला कोणी अडवलं नव्हतं. कपाळाला लावून उचलायचा होता, आणि ते गोऱ्या बाईसमोर करायची मला लाज वाटली, एवढीच गोष्ट आहे.

मी माझी हत्यारं घेऊन स्कॉटलंडला गेलो. केंद्राच्या शेडमध्ये गाडी उभी होती, डावी बाजू चेपलेली. तिच्या जागी घेतलेला माणूस आला. मी त्याला सगळं सामान चढवायला लावलं, घसरगाडी जोडली, तिच्यावर पोत्यांनी माणसाएवढं वजन ठेवलं, त्याला गाडीवर बसवलं आणि मोजलं. मग आधी होती तशी साठ किलोची बसवण पुन्हा लावून, मोरॅगचं सामान वजनकाट्यावर तोललं आणि तिच्या नि सामानाच्या वजनाची पोती सीटवर ठेवून तिचंही मोजलं. सामान अठरा किलो भरलं. मागचा भाग जवळपास तळाला टेकत होता. वीस मिनिटं लागली. मागच्या स्प्रिंगा चार वेढे आणि पुढचा भाग उचलू न देणारी पट्ट्याच्या पोटातली पट्टी एक भोक आवळली असती तर ती त्या दिवशी वळली असती. पाठीलाही ते चाललं असतं. असं दोनदा मोजून बघितलं.

मोरॅग तिकीट खिडकीत होती. पाठीला पट्टा बांधून, उंच खुर्चीवर. शनिवार होता, खिडकीसमोर पोरं-बाळं घेऊन लोकांची रांग लागली होती. मी रांगेत उभा राहिलो, कारण आत जायचं धैर्य झालं नाही. माझा नंबर आला तेव्हा तिने मला ओळखलं आणि ती हसलीसुद्धा.

मी येताना गाडीत ठरवलं होतं की काय काय बोलायचं. तांत्रिक काहीतरी, घसरगाडीच्या जोडावर पडणारं वजन वगैरे. ते सगळं बाजूला राहिलं. मी म्हणालो, "त्या दिवशी मला तुला बसवून मोजायला हवं होतं. मोजलं नाही, कारण माझी हत्यारं पूजेत होती. आमच्यात वर्षातून एक दिवस हत्यारांची पूजा करतात, त्या दिवशी त्यांना हात लावत नाहीत. तुला सांगायची मला लाज वाटली. मी तुला खोटं सांगितलं की गरज नाही."

ती हसली मात्र नाही. एवढी वर्षं ज्या हसण्याला मी घाबरलो ते तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं.

"पूजा किती वेळ असते?" तिने विचारलं.

"दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत."

"एक दिवस," ती म्हणाली. "सांगायचं होतंस. मी व्हॅनमध्ये झोपले असते. मला कुठे घाई होती?"

माझ्यामागे एक लहान मुलगी बूट आपटत होती आणि तिची आई तिला गप्प करत होती. मोरॅगने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि त्या आईला एक मोठं तिकीट, एक लहान का म्हणून विचारलं. मी बाजूला झालो.